परसबाग : माघ ते वैशाख

पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत ऑगस्टपासून टोमॅटोचा हंगाम उभा राहतो. 20 किलोचे क्रेट, लिलावाच्या हाका, आग्रा रोडला लागलेल्या गाड्या. टोमॅटो आवरतो न आवरतो तोच द्राक्षाची खुडणी सुरू होते आणि बागा रिकाम्या होईपर्यंत उन्हाळ कांदा चाळीत भरायची वेळ येते. 'बसवंत 780' हे खरीप कांद्याचं वाण तर या गावाचं नाव घेऊनच महाराष्ट्रभर गेलं. भाजीपाला कसा पिकवावा हे या मातीतल्या माणसाला कुणी शिकवायला नको. तरीही चैत्रात या भागातल्या कितीतरी घरांत कोथिंबिरीची जुडी, मिरची, भेंडी, गिलकी आठवडे बाजारातून येतात. मळ्यात राहणाऱ्या घरांतसुद्धा. पाच एकर बाग असते, शेततळं असतं, ठिबक असतं. स्वयंपाकघराच्या मागे मात्र पुदिन्याचा एक वाफा नसतो.

ही पुस्तिका त्या एका वाफ्यासाठी लिहिली आहे. विकण्यासाठी पिकवणारा आपला शेतकरी जगातल्या कुठल्याही कसोटीला उतरतो; खाण्यासाठी पिकवायची जागा मात्र आपल्या अंगणातून निघून गेली आहे. ती परत आणता येते, आणि तिची सुरुवात उन्हाळ्याच्या तोंडावर, माघातच करावी लागते, असं माझं ठाम मत आहे.

ती जागा गेली कशी, हे आधी पाहायला हवं. विहिरीचं पाणी पाटाने वाहायचं तेव्हा ते घरावरून जाताना थोडं झिरपायचं, थोडं फुटायचं. त्या ओलीवर आळू, केळ, पुदिना, गवती चहा आपोआप जगत. वेगळं पाणी देण्याचा प्रश्नच नव्हता. मग पाइपलाइन आली, ठिबक आलं. पाण्याची नासाडी थांबली, हे चांगलंच झालं. पण त्या सांडत्या पाण्यावर जगणारी परसबागही त्याच्याबरोबर गेली. ती काढून टाकावी असं कुणीच ठरवलं नव्हतं. पुढे नवी घरं बांधली गेली, घराभोवती पेव्हर ब्लॉक बसले आणि उरलेली माती झाकली गेली. गावठाणात आणि नव्या प्लॉटांवर आज घराच्या कडेला तीन-चार फुटांची पट्टी राहते. या पुस्तिकेतला बराचसा मजकूर त्या पट्टीला धरूनच लिहिला आहे.

दुसरं कारण अधिक गंभीर आहे. 2010 साली आपली द्राक्षं युरोपात अडकली, कारण त्यांत सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचा अंश सापडला होता. निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला त्या हंगामाची झळ अजून आठवते. त्यातून हा भाग पुष्कळ शिकला. अपेडा या कृषी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट व्यवस्थेत निर्यातीच्या बागेची नोंद होते, नमुना प्रयोगशाळेत जातो, कोणतं औषध काढणीच्या किती दिवस आधी थांबवायचं याचा हिशेब ठेवला जातो. परदेशातल्या मुलाच्या तोंडी जाणाऱ्या मण्याची एवढी तपासणी होते, याचा मला अभिमान आहे. आपल्या मुलाच्या डब्यातल्या भेंडीची मात्र अशी काटेकोर तपासणी होत नाही. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. त्यामुळे व्यापारी शेतात फवारणी आणि तोडणी यांच्यात पुरेसं अंतर राखणं फार अवघड असतं, हे ज्याने भेंडी केली आहे त्याला ठाऊक आहे. दोष शेतकऱ्याला देऊन हा प्रश्न सुटत नाही. रोज ताजी, कोवळी आणि डाग नसलेली भाजी मागणारा बाजारच तसा आहे. घरच्या वाफ्यातल्या भेंडीवर एखादं भोक चालतं, आणि एवढ्या एका सवलतीने फवारणीची गरज बरीच कमी होते.

आता हंगामाविषयी. परसबागेची इंग्रजी पुस्तकं वसंताला आरंभाचा ऋतू मानतात, आणि त्यांच्या देशात ते खरंच आहे. बर्फ वितळतं, माती उबदार होते आणि पुढचे सहा महिने बागेचे असतात. त्याच धाटणीची पुस्तकं आपल्याकडे मराठीत आली आणि त्यांनी बराच घोळ घातला. कादवा नदीच्या खोऱ्यात वसंत म्हणजे तापत जाणारी माती. पौषात निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याच्या बातम्या येतात आणि अवघ्या तीन महिन्यांत तोच पारा चाळिशीला टेकतो. या दोन टोकांच्या मधल्या चिंचोळ्या फटीत आपलं सगळं काम बसवायचं असतं. गुढी उभारल्यावर बी टाकणाऱ्याला हाती फार थोडं लागतं. लावायचं ते माघात. फाल्गुनात वाढवायचं आणि चैत्र-वैशाखात राखायचं.

त्यातही घाई आणि उशीर यांच्यातला नेमका दिवस ओळखावा लागतो. भेंडीच्या बियाला माती उबदार लागते; थंडीत टाकलेलं बी कुजतं किंवा पंधरा दिवस नुसतं पडून राहतं. रात्री गोधडी अंगावरून सरकायला लागली की भेंडी, गवार, काकडी, दोडका, गिलकं, कारलं, दुधी यांचं बी टाकावं. आपल्याकडे हा काळ साधारण महाशिवरात्रीच्या आगेमागे येतो. मिरची आणि वांग्याचं रोप मात्र त्याआधीच तयार हवं, म्हणजे त्याचं बी पौषातच पडलेलं हवं. टोमॅटोचा मोह या हंगामात आवरावा, असं मी सांगतो. दिवसाचं तापमान पस्तिशीच्या पुढे गेलं आणि रात्रीही उष्ण राहिल्या की टोमॅटोचं फूल फळ न धरता गळतं. जानेवारीत लावलेली चार झाडं सावलीच्या आधाराने टिकतात. मार्चमध्ये लावलेली चाळीस टिकत नाहीत. मेथी आणि पालकाचा या ऋतूत निरोप घ्यावा. त्यांच्या जागी तांदुळजा, लाल माठ, पोकळा आणि घोळ आहे. उन्हात खुश राहणाऱ्या या पालेभाज्या आपल्या आज्यांच्या स्वयंपाकात होत्या. बाजारात त्यांना भाव नाही म्हणून शेतातून त्या गेल्या. परसात त्यांना बाजारभावाची अट नाही.

पाण्याचा विषय मी जरा सविस्तर लिहितो, कारण 'उन्हाळ्यात पाणी कुठून आणायचं' या एका वाक्यावर बहुतेक परसबागा सुरू होण्याआधीच संपतात. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. आपल्याकडे एप्रिलमध्ये भरलेल्या वाफ्यातून दिवसाला साधारण 7 मिलिमीटर पाणी उडतं असं धरा. 100 चौरस फूट म्हणजे सव्वानऊ चौरस मीटर. म्हणजे ऐन उन्हाळ्यात एवढ्या वाफ्याला दिवसाला 65 लिटर पाणी पुरतं. म्हणजे 15 लिटरच्या साधारण साडेचार बादल्या. पाच माणसांच्या घरात भाज्या, तांदूळ, डाळ धुतलेलं आणि अंघोळीचं मिळून याहून जास्त पाणी रोज मोरीतून जातं. यात एक पथ्य पाळायचं. आपली काळी माती आधीच विम्लधर्मी आणि चुनखडीची असते. कपड्यांच्या पावडरीचं पाणी तिच्यावर ओतत राहिलं तर ती आणखी बिघडते आणि पानं पिवळी पडतात. कपड्यांचं साबणाचं पाणी मोरीच्या तोंडाशी आळू, केळ आणि कर्दळीला द्यावं. तांदूळ-भाजीचं पाणी वाफ्याला द्यावं.

त्या 65 लिटरचे 40 करता येतात, आणि ते करण्याचं साहित्य पिंपळगावात आहे तेवढं कुठेच नाही. उन्हाळ कांदा काढला की पातीचे ढीग बांधावर पडतात. एप्रिलमध्ये द्राक्षाची खरड छाटणी होते आणि काड्यांचे भारे निघतात. पात सरळ वाफ्यात रोपांभोवती तीन-चार बोटं जाड पसरावी. काड्या बारीक तुकडे करून नुसत्या वर अंथराव्या. त्या मातीत मिसळायच्या नाहीत. कुजताना त्या नत्र ओढतात आणि रोपं पिवळी पडतात. या आच्छादनाखाली दुपारी हात घालून पाहा. उघड्या मातीत बोट टेकवत नाही तेव्हा आच्छादनाखाली गारवा असतो, आणि गांडूळही तिथेच सापडतं. ज्यांना रोज पाणी घालायला सवड नाही त्यांनी कुंभाराकडचे न रंगवलेले माठ आणावेत, गळ्यापर्यंत जमिनीत पुरावे, भरून झाकावे आणि भोवती काकडी किंवा दोडका लावावा. माठ पाझरतो तेवढंच पाणी मुळं घेतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी शेतीग्रंथात ही पद्धत नोंदवलेली आहे. तिला वीज लागत नाही आणि पालखेड कालव्याच्या आवर्तनाची वाट पाहावी लागत नाही.

सावलीचंही असंच. बागेच्या जुन्या तारा आणि अँगल प्रत्येक मळ्यात पडून असतात. घराच्या पश्चिमेला त्यांचा सहा फुटी मांडव करून त्यावर दोडका, गिलकं, कारलं चढवलं तर एप्रिलपर्यंत त्याची सावली पडू लागते. त्या सावलीत कोथिंबीर येते, पुदिना हिरवा राहतो, मिरचीचं फूल गळत नाही. मार्चमध्ये अवकाळी आलीच तर खालच्या कोवळ्या रोपांना या छताचा थोडा आडोसाही होतो. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्याने पाहिली आहे तो मार्चच्या आभाळावर विसंबत नाही. वेल चढेपर्यंतच्या दिवसांत जुनी शेडनेट किंवा साडी बांधली तरी भागतं.

कोथिंबिरीवर या पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते मी सर्वांत मन लावून लिहिलं आहे. उन्हाळ्यात जुडीचा भाव चढतो आणि घरात रोज लागणारी वस्तू हीच. धने अख्खे पेरू नयेत. चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडून दोन दाळी वेगळ्या कराव्या, रात्रभर भिजवाव्या, दुसऱ्या दिवशी सावलीत फडक्यावर कोरड्या करून ओळीत टाकाव्या. उगवायला दहा-बारा दिवस लागतात, तोवर वाफ्यावर ओलं गोणपाट. अंकुर दिसताच गोणपाट संध्याकाळी काढायचं, दुपारी काढलं तर कोंब करपतात. दर दोन आठवड्यांनी हातभर ओळ पेरत राहिलं तर वैशाखापर्यंत कोथिंबीर तुटत नाही. उष्णतेने ती लवकर फुलावर जाते. गेली तर जाऊ द्या. त्या पांढऱ्या फुलांवर मधमाश्या आणि मित्रकिडी येतात, आणि मागे धने राहतात.

फुलांवरून आठवलं. वेलाला फूल येतं पण फळ धरत नाही, ही तक्रार मला दरवर्षी ऐकू येते. पहिली फुलं नराची असतात, त्यांच्याकडून फळाची अपेक्षा नसते. मागून मादीफूल येतं. त्याच्या देठाशी इवलंसं फळ दिसतं. मधमाशी कमी असेल तर परागीकरण हाताने करावं, आणि इथे वेळ महत्त्वाची. काकडी आणि कारल्याची फुलं सकाळी उमलतात. दुधी आणि दोडक्याची फुलं दिवस कलल्यावर, संध्याकाळी उमलतात. सकाळी दुधीच्या मिटलेल्या फुलाशी खटपट करणाऱ्याचे कष्ट वाया जातात. हे ज्ञान पूर्वी घरात असे. संध्याकाळी दिवा लावताना वेलाकडे एक फेरी व्हायचीच.

किडींबद्दल थोडक्यात सांगतो. उन्हाळ्यात लाल कोळी, पांढरी माशी, मावा आणि वेलांवर फळमाशी, एवढ्यांशीच मुख्य गाठ असते. कोळ्याला कोरडी धूळ आवडते. पानांच्या खालच्या बाजूला सकाळी पाण्याचा फवारा मारला की तो हटतो. निंबोळ्या ज्येष्ठ-आषाढात पडतात, त्या आदल्या वर्षीच वाळवून ठेवायच्या. 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून घेतली की पाच टक्क्यांचा निंबोळी अर्क झाला; तो संध्याकाळी फवारावा. फळमाशीसाठी क्यू ल्यूरचा कामगंध सापळा लावावा. डंख झालेली वाकडी फळं खताच्या खड्ड्यात कधीही टाकू नयेत. आतल्या अळ्या तिथेच पूर्ण वाढतात. ती बादलीभर पाण्यात बुडवून ठेवावी. भेंडीवरच्या केवड्यासाठी औषध शोधत बसण्यापेक्षा 'परभणी क्रांती'सारखं त्या रोगाला सहज बळी न पडणारं वाण निवडावं. शेजारच्या द्राक्षबागेत ब्लोअर चालत असेल तर मधे शेवरी, हादगा किंवा शेवग्याची दाट ओळ हवीच, आणि फवारणीच्या दिवशी पालेभाजी खुडू नये. हा धोका आपल्या भागात खरा आहे, तो लपवून परसबागेचं कौतुक करणं मला पटत नाही.

बियाण्याविषयी लिहिताना राहीबाई पोपेरे यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अकोले तालुक्यातलं कोंभाळणे हे त्यांचं गाव. शाळेत न गेलेल्या या बाईंनी घेवडे, वाल, भोपळे, पालेभाज्या यांची गावरान वाणं घरच्या परसात जपली. 'बायफ' या संस्थेच्या साथीने त्यांची बियाणे बँक उभी राहिली आणि 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा देशाला कळलं की परसबाग ही केवढी मोठी कोठी आहे. संकरित वाणाचं बी पुढच्या वर्षी आईबापांसारखं निघत नाही. दरवर्षी पाकीट आणावं लागतं. शेतात ते परवडतं, कारण तिथे उत्पन्नाचा हिशेब असतो. परसात मात्र एक दुधी वेलावर पूर्ण वाळू द्यावा, भेंडीच्या चार शेंगा तडकेपर्यंत ठेवाव्या, बी राखेत घोळून बरणीत भरावं आणि बरणीवर वाणाचं नाव व महिना लिहावा. पुस्तिकेच्या शेवटी बियाणं राखण्याचे जे तक्ते दिले आहेत ते या कामासाठीच आहेत.

श्री. अ. दाभोळकरांचाही उल्लेख करायला हवा. तासगावच्या द्राक्ष बागायतदारांबरोबर त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. पान ऊन साठवतं आणि शेती म्हणजे उन्हाची कापणी, हा विचार त्यांनी 'विपुलाच सृष्टी'तून सामान्य वाचकापर्यंत नेला. द्राक्षाच्या ओलांड्यावर किती पानं ठेवायची याचा हिशेब करणारा आपला बागायतदार हा विचार सहज समजू शकतो. तोच हिशेब गच्चीवरच्या कुंडीला लागू होतो. जिथे ऊन वाया जातं आहे तिथे पान उभं करायचं. उन्हाळ्यात ऊन तर भरपूर आहे. कमी आहे ते पाणी आणि आपलं लक्ष.

हे लक्ष कोण देणार, हाही प्रश्न विचारलाच पाहिजे. परसबाग आजवर घरातल्या बाईने राखली, आणि ती राखणं कामात धरलंच गेलं नाही. 'उमेद' या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या बचतगटांच्या महिलांनी गोल आकाराच्या, सात वाफ्यांच्या पोषण परसबागा गावोगावी केल्या आहेत. अंगणवाड्यांत आणि शाळांतही त्या दिसतात. पण द्राक्षाची खुडणी, कांद्याची काढणी आणि घरचा स्वयंपाक उरकून त्याच बाईने बादल्या वाहायच्या असतील तर परसबाग तिच्यावरचं ओझं होईल. माठ पुरणं, मांडव उभा करणं, खत वाहणं आणि संध्याकाळचं पाणी ही कामं घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी वाटून घ्यावीत. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही. ही या बागेची पहिली अट आहे.

एवढं करून घरचीच भाजी कशाला, असं वाटत असेल तर मागची काही वर्षं आठवा. 2020 साली गुढीपाडवा 25 मार्चला आला आणि तोच टाळेबंदीचा पहिला दिवस ठरला. द्राक्षं वेलीवर राहिली, बागायतदारांनी त्यांचे बेदाणे केले. बाजाराची साखळी कुठे तुटते हे त्या महिन्यात सगळ्यांना दिसलं. 2023 च्या जुलैमध्ये टोमॅटो किलोला शंभरीपार गेला आणि सप्टेंबरपर्यंत तो रस्त्यावर टाकायची वेळ आली. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या किल्ल्याच्या खंदकातही लोकांनी भाजी लावली होती. संकटात माणसं मातीकडे वळतात. संकट नसतानाच वळलेलं अधिक सोपं असतं, कारण बी उगवायला आपला वेळ घेतंच.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान 400 ग्रॅम फळं-भाज्या सुचवते. पाच माणसांच्या घराला हे रोजचे दोन किलो झाले. दोन-तीनशे चौरस फुटांची बाग उन्हाळ्यात एवढं देणार नाही, आणि असा दावा करणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. पण हिरवी मिरची, कोथिंबीर, कढीपत्ता, पुदिना, गवती चहा, आठवड्यातून दोन-तीनदा पालेभाजी आणि वेलाची भाजी ती नक्की देते. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या आणि रोज लागणाऱ्या याच वस्तू आधी घरच्या असाव्यात.

म्हणून पहिल्या वर्षी फार लावू नका. पश्चिमेला एक मांडव, त्यावर दोडक्याच्या दोन आणि कारल्याची एक वेल. खाली कोथिंबिरीची ओळ आणि मिरचीची सहा रोपं. मोरीच्या तोंडाशी आळू. एक वाफा तांदुळज्याचा. शेणखत महिनाभर आधी मातीत मिसळा, आच्छादनासाठी कांद्याची पात शेजाऱ्याकडे आताच सांगून ठेवा. पुस्तिकेचं पहिलं प्रकरण वाफ्याचं आहे. ते वाचून कुदळ घ्या, बाकीची प्रकरणं ज्या त्या कामाच्या वेळी उघडली तरी चालतील. माघ संपायच्या आत दोडक्याचं बी मातीत जायला हवं.